‘फॉरमॅट नॉट सपोर्टेड’: टीव्ही बदलायला सांगण्याआधी फाइल उघडून बघा



टीव्ही, मोबाईल, कॉम्प्युटर किंवा सीसीटीव्हीचं दुकान चालवणाऱ्या कुणालाच हा प्रसंग नवीन नाही. गिऱ्हाईक काउंटरवर पेनड्राइव्ह ठेवतं आणि म्हणतं, “तुमच्याकडून टीव्ही घेतला आणि त्यावर आमच्या लग्नाचं शूटिंगच चालत नाही.” कधी पडद्यावर ‘फॉरमॅट नॉट सपोर्टेड’ येतं, कधी चित्र दिसतं पण आवाज नाही, कधी दोन मिनिटं चालून गोल गोल फिरत बसतं.

अशा वेळी काउंटरवरून साधारण तीन उत्तरं जातात. “फाइल करप्ट आहे.” “टीव्ही अपडेट करा.” “पेनड्राइव्ह फॉरमॅट करून परत टाकून आणा.” तिन्ही अंदाज आहेत, आणि तिसरा तर घातक आहे. पेनड्राइव्हवर काय आहे, त्याची दुसरी कॉपी आहे का, हे न विचारता फॉरमॅट करायला सांगणं म्हणजे काय, ते खाली सांगतो.

व्हिडिओत मी हे स्क्रीनवर करून दाखवलंय. तिथे वेळेअभावी ‘का’ राहून गेलं, ते इथे लिहितोय. तुमच्या दुकानात कामाला मुलगा असेल तर त्यालाही वाचायला द्या.

डबा वेगळा, आतला माल वेगळा

आपल्या घरी बिस्किटाच्या डब्यात सुईदोरा निघतो. फाइलचंही तसंच आहे. नावाच्या शेवटी असलेलं एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही हे डब्याचं नाव. आत चित्र एका पद्धतीने दाबून भरलेलं असतं, आवाज दुसऱ्या पद्धतीने, आणि कधी सबटायटल तिसऱ्या. या दाबून भरायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात.

म्हणून “माझी एमपी४ आहे तरी चालत नाही” या वाक्याला अर्थ नाही. एमपी४ डब्यात २००३ सालचा एच.२६४ असू शकतो, जो आज जवळपास प्रत्येक टीव्ही वाचतो. त्याच डब्यात २०१३ साली आलेला एच.२६५, म्हणजे एचईव्हीसी, असू शकतो. जुन्या फुल एचडी टीव्हीला तो बहुतेक वेळा कळत नाही. किंवा २०१८ चा एव्ही१ असू शकतो, जो त्याहून नव्या टीव्हीलाच जमतो. बाहेरून तिन्ही फाइली सारख्याच दिसतात.

नाव बदलून काही होत नाही, हेही सांगून ठेवतो. एमकेव्ही खोडून एमपी४ लिहिणारे मी रोज बघतो. डब्यावरचं लेबल बदलून आतली साखर मीठ होत नाही.

आत काय आहे ते बघायला मीडियाइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. दुकानाच्या कॉम्प्युटरवर टाका, फाइल त्यावर सोडा, व्ह्यूमध्ये जाऊन टेक्स्ट निवडा. चार गोष्टी वाचायच्या: डबा कोणता, चित्राचा कोडेक कोणता, आवाजाचा कोणता, आणि बिटरेट किती. एक मिनिटाचं काम आहे. हे एक मिनिट न दिल्यामुळे दुकानदार नंतर दोन-दोन फुकट व्हिजिट करतात, पेट्रोल जाळतात, आणि शेवटी गिऱ्हाईक दुसरीकडे जातं.

चित्र: बिट आणि रंगही बघा

एच.२६४ दिसलं की निश्चिंत होऊ नका. त्याच्या खाली ‘बिट डेप्थ’ आणि ‘क्रोमा सबसॅम्पलिंग’ अशा दोन ओळी असतात. तिथे ८ बिट आणि ४:२:० असेल तर उत्तम. पण हल्ली लग्नाचे शूटिंगवाले चांगले कॅमेरे वापरतात आणि त्यात १० बिट, ४:२:२ मध्ये रेकॉर्ड करतात. एडिटिंगसाठी ते योग्यच आहे, रंग सुधारायला वाव मिळतो. मात्र १० बिटचा एच.२६४ टीव्हीतल्या चिपला सहसा वाचता येत नाही. कॅमेऱ्यातली कच्ची फाइल कुणी तशीच पेनड्राइव्हवर दिली तर महागातला टीव्हीसुद्धा हात वर करतो. एचईव्हीसीचं थोडं वेगळं आहे: १० बिट ४:२:० असलेला एचईव्हीसी बहुतेक ४के टीव्ही व्यवस्थित चालवतात, कारण एचडीआर चित्र त्याच रूपात येतं.

आयफोनवाल्या गिऱ्हाइकांचा प्रश्न नेहमीचा. २०१७ साली आयओएस ११ आल्यापासून आयफोन ‘हाय एफिशियन्सी’मध्ये, म्हणजे एचईव्हीसीमध्ये रेकॉर्ड करू शकतो. जागा कमी लागते, हा फायदा खरा आहे. पण घरात जुना टीव्ही असेल तर सेटिंगमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, आणि तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडायला सांगा. पुढचे व्हिडिओ एच.२६४ मध्ये येतील. आधी काढलेले मात्र आपोआप बदलणार नाहीत, हे त्याच वेळी सांगा, नाहीतर आठवड्याने तोच माणूस परत काउंटरवर.

आवाज: इथेच सगळ्यात जास्त गोंधळ

चित्र चालतं आणि आवाज नाही, अशी तक्रार आली की माझं पहिलं लक्ष आवाजाच्या कोडेककडे जातं. मोबाईलवर एमएक्स प्लेयर वापरणाऱ्यांनी ‘ईएसी३ सपोर्ट नाही’ असा मेसेज पाहिलेला असेल. तीच फाइल त्याच मोबाईलवर व्हीएलसीमध्ये आवाजासकट चालते. म्हणजे फाइलही ठीक, मोबाईलही ठीक. डॉल्बी आणि डीटीएस या परवान्याच्या पद्धती आहेत. वापरायच्या तर कंपनीला फी भरावी लागते, आणि काही कंपन्या ती भरत नाहीत.

टीव्हीतही हेच झालं. सॅमसंगने २०१८ च्या टीव्हींपासून डीटीएस काढून टाकलं. एलजीने २०२० मध्ये काढलं आणि २०२३ च्या काही मॉडेलमध्ये परत आणलं. त्यामुळे ‘नवीन टीव्ही म्हणजे सगळं चालणार’ हे गृहीत धरू नका. कित्येक वेळा जुन्या टीव्हीवर चालणारी फाइल नव्यावर मुकी होते, आणि गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला खराब पीस दिला. त्याचा संशय साहजिक आहे. तुम्ही आधीच सांगितलं असतं तर तो आला नसता.

आता साउंडबार. गिऱ्हाईक म्हणतं, “माझ्या साउंडबारच्या खोक्यावर डीटीएस लिहिलंय, मग आवाज का नाही?” कारण पेनड्राइव्ह टीव्हीला लावलाय. आवाज आधी टीव्हीत येतो, तिथून साउंडबारकडे जातो. मधल्या टीव्हीला डीटीएस ओळखताच आलं नाही तर तो पुढे पाठवणार काय? साउंडबारला स्वतःची एचडीएमआय इन जागा असेल तर स्ट्रीमिंग बॉक्स थेट साउंडबारला लावा आणि चित्र तिथून टीव्हीला द्या. बॉक्सला डीटीएस जसंच्या तसं पुढे पाठवता येत असेल तर आवाज लगेच येतो. तशी जागा नसेल तर फाइलमधला आवाज बदलावा लागेल, ते पुढे येतंच आहे.

दुसरी तक्रार: ५.१ सिस्टिम घेतली पण मागचे स्पीकर गप्प. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये ‘डिजिटल आउटपुट’ बघा. तिथे पीसीएम निवडलेलं असेल तर साध्या एआरसीवरून दोनच चॅनेल जातात. ऑटो किंवा पास-थ्रू करा. आणि वायर कोणती आहे तेही बघा. जुनी ऑप्टिकल वायर दोन चॅनेलचा पीसीएम किंवा साधा डॉल्बी डिजिटल, डीटीएस एवढंच नेते. ओटीटीवरचा डॉल्बी डिजिटल प्लस तिच्यातून जात नाही. त्याला एचडीएमआय एआरसी लागतं. डॉल्बी ट्रूएचडीसारखा प्रत न उतरवता दाबलेला (लॉसलेस) आवाज हवा असेल तर टीव्ही आणि साउंडबार दोघांनाही ईएआरसी पाहिजे. दहा हजारांचा साउंडबार विकताना शंभर-दोनशे वाचवायला ऑप्टिकल वायर देऊन मोकळे होऊ नका.

‘करप्ट’ नसलेली फाइल

आमच्या दुकानात एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. यजमानांच्या साठीशांतीचं शूटिंग, २०११ चं. यजमान आता नाहीत. जुना टीव्ही गेला, नवा आणला, त्यावर ती फाइल उघडेना. एका दुकानात सांगितलं, फाइल करप्ट आहे. शूटिंगवाल्याने धंदा बंद केलेला. मी विचारलं, “काकू, याची दुसरी कॉपी घरी कुठे आहे?” त्या म्हणाल्या, “हाच एक आहे. त्या मुलाने फॉरमॅट करून बघतो म्हटलं होतं, पण मला फॉरमॅट म्हणजे काय ते कळेना, म्हणून मीच नको म्हटलं.”

फॉरमॅट हा शब्द कळला नाही म्हणून ते शूटिंग वाचलं. मीडियाइन्फोमध्ये बघितलं तर एव्हीआय डबा, आत एक्सव्हीआयडी चित्र, एमपी३ आवाज. त्या काळी घरोघरी हेच चालायचं. डीव्हीडी प्लेयरवर ‘डिव्हएक्स’ छापलेलं असायचं ते याच घराण्यातलं. नव्या टीव्हींपैकी बऱ्याच जणांनी ते सोडून दिलंय. फाइल धडधाकट होती. आधी दुकानाच्या हार्डडिस्कवर कॉपी घेतली, मग एच.२६४ मध्ये नवी फाइल बनवली, नव्या पेनड्राइव्हवर दिली, आणि जुना पेनड्राइव्ह काही न खोडता कागदात गुंडाळून परत केला. त्यांना म्हटलं, हा टाकू नका, मूळ माल हाच.

हा नियम दुकानात भिंतीवर लावा: मूळ फाइलला हात लावायचा नाही. आधी कॉपी, मग काम. आणि “आता नवी चालतेय, जुनी डिलीट करू का?” असं गिऱ्हाइकाने विचारलं तरी उत्तर ‘नको’. प्रत्येक वेळी फाइल पुन्हा दाबली की थोडी प्रत उतरते. दहा वर्षांनी पुन्हा बदलायची वेळ आली तर मूळ फाइलच कामाला येईल.

घरचा सर्व्हर आणि ‘वायफाय स्लो आहे’

हल्ली गिऱ्हाईक विचारतं, सगळे घरचे व्हिडिओ एका ठिकाणी ठेवून टीव्हीवर बघता येतील का? येतात. जुन्या कॉम्प्युटरवर जेलीफिन किंवा प्लेक्स टाका, टीव्हीवर त्याचं ॲप घ्या. जेलीफिन पूर्ण फुकट आहे, म्हणून छोट्या दुकानदाराने सुरुवात त्याच्यावर करावी असं माझं मत.

सर्व्हर फाइल तीन प्रकारे देतो. टीव्हीला सगळं वाचता येत असेल तर जशीच्या तशी; याला डायरेक्ट प्ले म्हणतात, आणि यात कॉम्प्युटरला काहीच कष्ट नाहीत. फक्त डबा पटत नसेल तर डबा बदलून. तेही हलकं काम. पण चित्राचा कोडेक पटत नसेल तर कॉम्प्युटरला प्रत्येक फ्रेम उलगडून पुन्हा दाबावी लागते. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात, आणि इथे जुना कॉम्प्युटर धापा टाकतो. टीव्हीवर गोल फिरतं, घरातले म्हणतात वायफाय स्लो आहे, आणि दुकानदार नवा राउटर विकून मोकळा होतो. राउटर बदलूनही फिरणं थांबत नाही.

म्हणून आधी जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडा. व्हिडिओ चालू असताना तिथे डायरेक्ट प्ले चाललंय की ट्रान्सकोड, आणि ट्रान्सकोड असेल तर का, हे लिहिलेलं असतं. कारण कधीकधी सबटायटल निघतं. ब्ल्यू-रेवरची पीजीएस सबटायटलं म्हणजे चित्रं असतात. ती अनेक टीव्ही ॲपना दाखवता येत नाहीत, मग सर्व्हर ती चित्रावर छापून पाठवतो आणि त्यासाठी अख्खा व्हिडिओ ट्रान्सकोड होतो. सबटायटल बंद करून बघा. गाडी सुरळीत चालली तर कारण सापडलं.

सर्व्हरसाठी सेकंडहँड कॉम्प्युटर देणार असाल तर इंटेलचा सातव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर बघा. त्यात १० बिट एचईव्हीसी उलगडायची सोय ग्राफिक्समध्येच आहे. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला घेऊ नका, त्यात ग्राफिक्स नसतं. जेलीफिनच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू करायला विसरू नका, नाहीतर असून नसल्यासारखं.

वायफाय खरंच कमी पडतं का, ते हिशेब करून बघा. १०० एमबीपीएसची ४के फाइल म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. दोन तासांचे ९० जीबी होतात. बहुतेक टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, म्हणजे वायर लावली तरी ही फाइल अडखळणार. तिथे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय उलट बरं. हीच फाइल २० एमबीपीएसला आणली तर १८ जीबी होते आणि हॉलमध्ये बसून बघणाऱ्याला फरक सांगता येत नाही.

जेवढं बिघडलंय तेवढंच बदला

सरसकट सगळी फाइल कन्व्हर्ट करणं हा आळशी उपाय आहे. फक्त डबा पटत नसेल तर एमकेव्हीटूलनिक्स किंवा एक्समीडिया रीकोडसारख्या प्रोग्रॅममध्ये चित्र-आवाज ‘कॉपी’ ठेवून डबा बदला. फाइल कॉपी व्हायला लागतो तेवढाच वेळ लागतो आणि प्रत अजिबात उतरत नाही. फक्त डीटीएसचा त्रास असेल तर चित्र ‘कॉपी’, आवाज ‘कन्व्हर्ट’. आवाज एसी३ मध्ये, ५.१, ६४० केबीपीएस ठेवा. हा डॉल्बी डिजिटलचाच प्रकार, ऑप्टिकलवरूनही जातो. चित्रच पटत नसेल तरच हँडब्रेक उघडा आणि पूर्ण बदला. तिथे एमपी४, एच.२६४, ८ बिट, आवाज एएसी स्टीरिओ, आणि मोबाईलचं शूटिंग असेल तर फ्रेमरेट ‘कॉन्स्टंट’ करा. मोबाईल फ्रेमरेट कमी-जास्त करत रेकॉर्ड करतो, त्यामुळे पुढे ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे होतो.

पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसत नाही. एक्सफॅट करा, पण जुने काही टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत. तिथे एनटीएफएस लावून बघा. (हो, इथे फॉरमॅट करायचंय. रिकामा पेनड्राइव्ह.)

मराठी सबटायटलचं छोटं पण त्रासदायक काम: एसआरटी फाइल युनिकोडमध्ये टाइप केलेली आणि यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेली पाहिजे. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर टीव्हीवर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

पैसे कशाचे घ्यायचे

हे काम बरेच दुकानदार ‘चला, करून देतो’ म्हणून फुकट करतात. करू नका. तपासणीचे वेगळे आणि बदलून द्यायचे वेगळे पैसे ठेवा. मी दर तीन पायऱ्यांत लावतो: डबा बदलणं सगळ्यात स्वस्त, आवाज बदलणं मधलं, पूर्ण चित्र बदलणं सगळ्यात महाग, कारण त्यात कॉम्प्युटर तासन्‌तास अडकतो. तपासून “फाइल ठीक आहे, टीव्हीचं सेटिंग बदला” एवढंच निघालं तरी तपासणीचे पैसे घ्यायचे. डॉक्टर गोळी न देता घरी पाठवतो तेव्हाही फी असतेच. आणि पावतीवर लिहा: मूळ फाइल परत दिली.

एक सीमा मात्र पाळा. गिऱ्हाइकाचं लग्न, मुंज, गॅदरिंग, मुलांचे व्हिडिओ, हे आपलं काम. नवीन पिक्चर पेनड्राइव्हवर भरून देणं हे कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे गुन्हा आहे. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. पन्नास रुपयांसाठी दुकान पणाला लावू नका.

या आठवड्यात एक काम करा. एका पेनड्राइव्हवर स्वतः शूट केलेल्या तीस-तीस सेकंदांच्या क्लिप तयार करा: एच.२६४ आठ बिट, एच.२६४ दहा बिट, एचईव्हीसी, एव्ही१. मग एकाच चित्राला एएसी, एसी३, ईएसी३ आणि डीटीएस आवाज. दुकानात डिस्प्लेला असलेल्या प्रत्येक टीव्हीला तो लावा आणि काय चाललं, काय नाही ते वहीत मॉडेल नंबरसमोर लिहा. पुढचं गिऱ्हाईक टीव्ही बघायला आलं की आधी विचारा, घरी शूटिंग कशात आहे, पेनड्राइव्ह आणलाय का. आणला असेल तर बिल करायच्या आधी लावून दाखवा.